शून्य आणि रिकामी ओळ

संशोधन केंद्राच्या गच्चीवर हवेतले परागकण पकडणारं एक छोटं यंत्र होतं. रोज सकाळी त्यातली चिकट काचपट्टी काढायची, सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजायचे आणि आकडा वहीत लिहायचा, हे काम मावशी अठ्ठावीस वर्षं करत होती. मावशी खरी तिच्या भाचीची, पण केंद्रात साहेबांपासून शिपायापर्यंत सगळेच तिला मावशी म्हणत. कोणाला शिंक आली की पहिली नजर तिच्याकडे वळे, जणू बाईंनीच कण सोडले!

भाची चेलो वाजवायची आणि नव्या रचना करायची. मावशीच्या आकड्यांवर तिने चार वादकांसाठी संगीत बांधलं. आकडा वाढला की सूर दाट, उतरला की विरळ.

तालमीला मावशी आणि तिचे यजमान, म्हणजे काका, सोफ्यावर बसले होते. मावशीला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सूर दाटू लागले तशी ती काकांच्या कानात म्हणाली, "गवत फुललं बघा." मग चौघंही थांबली. हातातले बो, म्हणजे गज, तारांच्या वर अधांतरी.

"हे चुकलं," मावशी म्हणाली.

"अगं, वहीत इथे एकवीस दिवस काहीच नाही," भाची म्हणाली. "म्हणून शांतता."

"कण नसतील तर मी शून्य लिहिते. ही ओळ रिकामी आहे. कण होते गं, मोजायला मी नव्हते."

"मग होतीस कुठे?"

मावशी लाजून पदराशी चाळा करू लागली. काका खो खो हसले. "माझ्याबरोबर पळाली होती! तेव्हा लग्नाला सहा वर्षं झाली होती, तरी कुठे गेलो नव्हतो. मित्राचं समुद्राकाठचं घर रिकामं होतं. मी न विचारताच तिकिटं काढली."

"आणि बदलीवरची बाई आजारी पडली," मावशी म्हणाली. "साहेबांनी आल्यावर असं फैलावर घेतलं! पण खोटं कशाला बोलू, जराही वाईट वाटलं नाही."

चौघांतला व्हिओलावाला म्हणाला, "मग मागच्या-पुढच्या आठवड्यांवरून अंदाजे सूर भरू या का?"

"मनचे आकडे घालायचे नाहीत," मावशी ताडकन म्हणाली. "माझ्या वहीत नाही, तुमच्या सुरांतही नाही."

शेवटी ठरलं : शून्य असेल तिथे बो तारांवर तयार धरायचे, रिकाम्या ओळीला सरळ मांडीवर ठेवायचे.

कार्यक्रमाला साठेक माणसं होती. रिकामी ओळ आली तसे बो मांडीवर आले. एक जण पाणी प्यायली, भाची खिडकीबाहेर बघत बसली. लोक एकमेकांकडे पाहू लागले. काका शेजारच्या अनोळखी गृहस्थांना म्हणाले, "हे आमचे दिवस." मावशीने त्यांना कोपराने ढोसलं, पण तिलाच हसू आवरेना.

नंतर एक बाई तिला शोधत आल्या. "तो शेवटून दुसरा दाट भाग कोणत्या वर्षाचा?"

मावशीने वर्ष सांगितलं, महिनाही सांगितला.

"तेव्हा माझ्या मुलीला फार धाप लागायची. तुमचा आकडा पेपरात बघूनच तिला बाहेर सोडायचे."

मावशीने लगेच विचारलं, "आता कशी आहे?"

"आता पोहायला शिकवते."

"कुठे?" मावशीने विचारलं, आणि दोघी तिथेच खुर्च्या ओढून गप्पा मारत बसल्या.