वरच्या आळीचा व्हॉल्व्ह

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोखाड्याच्या घरी नळाखाली पिंप लावून उभा होतो. तसाच निघालो आणि मिळाली ती जीप धरून जव्हार गाठलं. संध्याकाळी शेजाऱ्यांचा निरोप आला, तुमच्या ओट्यावरून पाणी पार रस्त्यावर गेलंय. ज्या माणसाने आयुष्यभर गावाला पाणी पुरवून पुरवून सोडलं, त्याच्या अंत्यदर्शनाला त्याचा जावई नळ उघडा टाकून आला होता...

नाना म्हणजे माझे सासरे, जव्हारचे व्हॉल्व्ह सोडणारे. नव्वदच्या दशकात गावात नवी पाइपलाइन आली आणि मी त्या कामावर नकाशे काढायला लागलो. संस्थानच्या वेळचे बिडाचे पाइप जमिनीखालून कुठून कुठे जातात, याचा कागद कुणापाशीच नव्हता. होता तो नानांच्या डोक्यात. हातात एक लांब सळई. तिचं एक टोक जमिनीवर, दुसरं कानाशी, आणि डोळे मिटून म्हणायचे, "जावईबापू, लिहा. इथून डावीकडं वळलीय." वरच्या आळीच्या चढाशी आलो तेव्हा टळटळीत दुपार होती. "नाना, तुम्ही व्हा पुढं, मी आलोच," म्हणून मी चहाच्या टपरीत बसलो. नाना वर जाऊन आले, काय काय सांगितलंही त्यांनी. मी कांदाभजी खात मान डोलावली. मग वरची आळी मी अंदाजाने काढली. नकाशातला तेवढाच भाग फार सुबक आला होता.

पुढे पाइप पडले, रस्ता डांबरी झाला, गावभर पाणी आलं. वरच्या आळीतल्या नळांतून मात्र नुसती हवा. तिथली जुनीच लाइन नव्या पाइपला जोडलेली होती, आणि तिचा बंद व्हॉल्व्ह डांबराखाली गेला होता. चार दिवस तिथल्या बायका हंडे घेऊन चढ-उतार करत होत्या. साहेबांनी सगळ्यांसमोर नकाशा पसरला. "नाना, हा व्हॉल्व्ह तुम्ही दाखवलाच नाहीत?" माझी नोकरी कच्ची होती, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. मी नकाशाचा कोपरा दाबून धरला होता. नानांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वय झालं साहेब. विसरलो."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात तापल्या डांबरावर गुडघे टेकत, पावलापावलाला सळई लावत ते आळीभर फिरले. "इथं खणा. पाणी अडून कुरकुरतंय." वरच्या आळीला पाणी आलं. पण विसरणाऱ्या माणसाकडे व्हॉल्व्हच्या चाव्या कशा ठेवायच्या, म्हणून महिन्याभरात त्या दुसऱ्याकडे गेल्या. त्यानंतर पाण्याच्या वेळेला नाना ओट्यावर बसून उजवं मनगट नुसतंच फिरवायचे... मी बघायचो आणि दुसराच विषय काढायचो.

दिवसकार्य आटोपल्यावर सळई आम्ही मोखाड्याला आणली. आता ती मोरीच्या दाराआड उभी असते. परवा ती नळाच्या पाइपला लावून मी कान दिला. घरघर आली ऐकू, ती पाण्याची की माझ्या कानाची, कोण जाणे. ही भाकऱ्या थापत होती. तिला तिथंच सगळं सांगितलं, भज्यांसकट. आमच्या घरात माझं वाक्य पुरं होऊ द्यायची पद्धत नाही. पण ही शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही. तव्यावरची भाकरी करपली. ती उतरवून, हात धुऊन म्हणाली,

"नानांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं... जावईबापू कधीतरी तुला सांगतील. तेव्हा मधे बोलू नकोस."