धुतलेली बरणी

आमच्या शेजारच्या सिस्टरबाईंना आख्खी गल्ली 'उकळबाई' म्हणते. तोंडावर नाही हं, जीव सगळ्यांनाच प्यारा. चौतीस वर्षं हॉस्पिटलात काढली, त्यातली निम्मी ऑपरेशनच्या खोलीत. बाई निवृत्त झाल्या, हात काही झाले नाहीत. आमच्याकडे चहाला आल्या तरी कप आधी उजेडाशी, मग नाकाशी, आणि पास झाला तरच ओठाशी. त्यांचे मिस्टर म्हणतात, "लग्नात मला उकळून घेतलं नाही, हेच माझं नशीब."

तर हे दोघं गाडीने सिस्टरबाईंच्या भावाकडे निघाले होते. वाटेत एका लहानशा गावात भाजल्या पावाचा वास आला आणि मिस्टरांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. बोळाएवढं दुकान, आत एकटी पाववाली, साठीची, कोपरापर्यंत पिठात. तिने गरम पाव तोडून दोघांच्या हातावर ठेवला. मिस्टरांनी डोळेच मिटले. आणि सिस्टरबाईंनी, कुठलीही तपासणी न करता, दुसरा तुकडा मागितला. आता बोला!

चिकट हात धुवायला त्या मागच्या खोलीत गेल्या आणि तिथेच घात झाला. मोरीजवळच्या फळीवर फडकं बांधलेली एक बरणी होती. आत करडं, चिकट, बुडबुडे आलेलं काहीतरी, वास आंबूस. 'एवढी गुणी बाई, आणि हे सडत ठेवलंय!' पाववाली पुढे गिऱ्हाइकांत गुंतलेली. शेगडीवर आधण होतंच. बाईंचे हात शिवशिवले. बरणी मोरीत उपडी केली, दोनदा उकळत्या पाण्याने विसळली, लख्ख करून पालथी घातली आणि उपकारकर्त्याच्या थाटात बाहेर आल्या.

मिस्टर पैसे देता देता विचारत होते, "मावशी, ही चव येते कुठून हो?"

"सासूबाईंच्या विरजणातून. दह्याला असतं ना, तसं पावाचं. मागे बरणीत आहे. रोज थोडं काढायचं, रोज पीठपाणी घालायचं. बावन्न वर्षं झाली. सासू गेली, नवरा गेला, ते मात्र जिवंत आहे," असं म्हणत तिने टेबलावरचे मळल्या पिठाचे शेवटचे गोळे भट्टीकडे सरकवले.

सिस्टरबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. मुकाट गाडीत जाऊन बसल्या.

"पाव घे ना," मिस्टर म्हणाले.

"नको."

"अगं, आत्ता तर मिटक्या मारत होतीस!"

"समोर बघून चालवा तुम्ही."

मनात मात्र वकिली सुरू. कुणी पाहिलंय? करेल ती दुसरं. पण याच बाई नव्या नर्सेसना दम द्यायच्या, 'चूक झाली की आधी सांगायचं, रडायचं नंतर.' पंचवीस किलोमीटर गेल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, गाडी वळवा."

"पर्स राहिली?"

"मी एक जीव मारून आलेय."

परत पोचल्या तेव्हा पाववाली रिकामी बरणी मांडीवर घेऊन मोरीपाशी बसली होती.

"मी धुतली," सिस्टरबाई म्हणाल्या. "मला वाटलं, सडलंय."

पाववालीने बरणी मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाली, "तेव्हाच सांगितलं असतंत ताई, तर शेवटचा एक गोळा विरजणाला मागे ठेवला असता. आता सगळं भट्टीत गेलं."

धुण्याचं एक वेळ माफ झालं असतं. त्या गप्प बसण्याचं काय करायचं?

पाववालीने पीठ मळायची लाकडी काथवट पुढे ओढली आणि चमचा त्यांच्या हातात दिला. "कडेला वाळलेल्या खपल्या आहेत. खरवडा. त्यातून उठलं तर उठलं."

सिस्टरबाई तासभर खरवडत होत्या. मूठभरही निघालं नाही. ते कोमट पाण्यात, पिठात कालवून पाववालीने फडकं बांधलं.

तेव्हापासून रोज सकाळी आठला सिस्टरबाईंचा तिला फोन. पलीकडून दोनच शब्द, "अजून नाही." ती चार शिव्या देत नाही, हेच यांना जास्त लागतं. त्या दिवशी घेतलेल्या, जुन्या विरजणाच्या पावाला त्या स्वतः शिवत नाहीत, मिस्टरांनाही शिवू देत नाहीत. मी गमतीत एक तुकडा मागितला, तर डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. जीभ चावली मी.

काल, सातव्या दिवशी, पाववाली म्हणाली, "एक बुडबुडा दिसतोय. पण चव तीच येईल, असं नाही."

"मी बघायला येऊ?"

"या ना ताई," ती म्हणाली. "पण मागच्या खोलीत नाही."