पुलावर लागलेलं लग्न

माझं लग्न ज्या पुलावर लागलं, तो पूल सरकारने आधीच बंद केलेला होता.

तसं ते लागायचं होतं नदीपलीकडे, सुनंदाच्या गावच्या मांडवात. आमचं वऱ्हाड निजामपुऱ्यातून दणक्यात निघालं. अंबाडीच्या पुढे येऊन बघतो तर नव्या पुलावर कंटेनर आडवा! ड्रायव्हर निवांत तंबाखू मळतोय.

"भाईसाब, क्रेन आएगी तभी हटेगा."

मुहूर्त तोंडावर आलेला! आईने कपाळावर हात मारला. तेवढ्यात मामा ओरडला, "अरं, जुना लोखंडी पूल हाय ना! चालत जाऊ!"

इंग्रजांच्या काळातला पूल. दोन्ही अंगाला गंजून लाल झालेले लोखंडी त्रिकोण, पायाखाली जुन्या फळ्या आणि फटींतून थेट नदी! सगळे कचरले. मी मात्र नवरदेव! (फेटा बांधला की अक्कल त्याच्याखाली दबते.)

"घाबरता काय? माझ्यामागून या!"

अर्ध्यात पोचलो. पलीकडच्या काठावर सासरची मंडळी जमलेली. मला बघताच त्यांनी बँड सुरू केला. मी ऐटीत हात हलवला आणि... कडाड्! एक पाय फळीतून आरपार! मोजडी नदीत!

"हलू नका जावईबापू!" सासरे ओरडले. "फळ्या सडल्यात!"

"आधी सांगायचं ना!"

मामा मला ओढायला धावला. त्याच्या वजनाने शेजारची फळीही गेली. आता मी कमरेपर्यंत आत! शेरवानी बुचासारखी अडकली म्हणून वाचलो. दोन्ही पाय नदीवर लोंबकळतायत आणि बँडवाले अजून वाजवतायत!

"मुहूर्त चाललाऽऽ!" काठावरून माइकवर भटजी.

तेवढ्यात शालू खोचून, हातात दोन हार घेऊन खुद्द सुनंदाच लोखंडी तुळईवरून तरातरा आली.

"फळीवर न्हाय, लोखंडावर पाय ठेवायचा असतो! आम्ही शाळेत याच पुलावरून जायचो."

"अगं, अंतरपाट!" मागून आई किंचाळली. "तोंड बघू नका एकमेकांचं!"

मामाने खांद्यावरचा टॉवेल मध्ये धरला. माझ्या उंचीला यायला बिचाऱ्याला उकिडवं बसावं लागलं. माइकवर मंगलाष्टकं सुरू झाली. 'सावधान' म्हटल्यावर इतकं सावध वऱ्हाड कुणी पाहिलं नसेल! दोन्ही काठांवरून उधळलेल्या अक्षता नदीत पडल्या. पहिली पंगत माशांची उठली.

इतरांच्या लग्नात हार घालताना मित्र नवऱ्याला उचलून धरतात. माझ्या लग्नात नवरीच खाली वाकली!

मग चौघांनी मला उपसून काढलं. चुडीदार फळीलाच राहिला. अंतरपाटाची लुंगी लावून मी मांडवात शिरलो.

परवा मुलीने अल्बममधला हार घालतानाचा फोटो बघून विचारलं, "पप्पा, तुम्ही मम्मीसमोर गुडघ्यावर बसलेलात?"

"हो गं," मी हळूच म्हटलं, "प्रेमाने."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "प्रेमाने? मी हार घालत होते तेव्हा हे माझा पदर धरून 'सोडू नकोस, सोडू नकोस' म्हणून रडत होते!"

(वाक्य मात्र रोमँटिक होतं, हे तिलाही मान्य आहे.)