शांत नव्हती माझी बायको

आमच्याकडे माणूस गेलं की दहाव्याला भाषणं होतात. पिंडाला कावळा शिवेपर्यंत पुढारी माईक सोडत नाहीत. कोरोनात ते सगळं बंद होतं. माझी बायको गेली तेव्हा नदीवर आम्ही पाचच माणसं, तोंडाला फडकी बांधून. तिच्याविषयी कुणी चार शब्द बोललं नाही. ते मला सलत राहिलं.

म्हणून यंदा गावानं कोरोनात गेलेल्या माणसांसाठी शाळेत सभा ठेवली, तेव्हा मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. सरपंच एकेकाचं नाव घेत माझ्या बायकोवर आला. "काकू म्हणजे शांत, सोशिक माउली. कधी कुणाला मोठ्यानं बोलल्या नाहीत."

मी उठलोच. "सरपंच, तुमी कुनाच्या बायकूबद्दल बोलताय?"

हशा पिकला. सरपंच म्हणाला, "तात्या, बसा की. गेलेल्या मानसाबद्दल चांगलं बोलावं."

"मग खरं बोला. तेच चांगलं हाय."

माईक माझ्याकडे घेतला आणि सांगायला लागलो. याच शाळेत तेव्हा खाटा टाकल्या होत्या. ती आजारी, मी शेजारच्या खाटेवर. आशाताईनं सगळ्यांना पालथं झोपायला सांगितलं होतं. ते पाळतात का, हे बघायचं काम हिनं आपणहून घेतलं. वारा घ्यायचा पुठ्ठा हातात, उताणा दिसला की पायावर फटका.

"सरपंचांना तीन बसले. व्हय का न्हाई?"

"चार, तात्या," सरपंच म्हणाला.

मग एकेक जण उठायला लागला. म्हातारे गुरुजी म्हणाले, "मला म्हणाल्या, पोरांना अंगठे धरायला लावताना लाज वाटली न्हाई, आन् आता पालथं पडायला लाजताय व्हय?" तेव्हा तिथंच खाटेवर असलेली गावातली एक सून म्हणाली, "डब्यात भाकरी उरली की माझ्या माहेराचा उद्धार व्हायचा."

शेवटी आशाताई उठली. "नगरला न्यायला गाडी आली, तवा काकूंना धड बोलवत नव्हतं. तरी माझा हात धरून म्हणाल्या, आमच्या म्हाताऱ्यावर नजर ठेव. गोळी जिभेखाली धरतो आन् खिडकीतनं थुकतो."

सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. खरंच थुंकायचो. गोळी कडू होती. पण हे तिला ठाऊक होतं, ते मला इतक्या वर्षांनी कळलं, तेही गावासमोर.

लोक पोट धरून हसत होते. मीही हसलो, डोळे उपरण्याला पुसले. हसू दे त्यांना. ती होती तशी आता सगळ्यांच्या तोंडी होती.