मांडवातली सौरचूल

मे महिन्यात विक्रोळीच्या आमच्या सोसायटीत सौरऊर्जेवर व्याख्यान होतं. गच्चीवर सौरचुलीत भात शिजवून दाखवायचा होता. व्याख्यान देणाऱ्या पाहुण्यांना ऊन लागू नये म्हणून सेक्रेटरींनी मांडव घातला आणि चूलही मांडवातच ठेवली.

उन्हाचा एक कोपरा उरला होता. तिथे चौथ्या मजल्यावरच्या मालवणी काकूंची आमसुलं ताडपत्रीवर वाळत होती. ती विकूनच त्या घर चालवत. फोटोत ती दिसू नयेत म्हणून सेक्रेटरींनी लाथेने ताडपत्री उलटवली.

"माझी वर्साची आमसुला लाथाडलंस, मेल्या?" काकू धावल्या. सेक्रेटरींनी त्यांना ढकललं. त्या पडल्या.

काकूंच्या मुलाने चुलीचं आरशाचं झाकण उपटून सेक्रेटरींच्या डोक्यात घातलं. आरसा फुटला, कपाळही फुटलं. कमिटीच्या दोघांनी मुलाला पाडून लाथांनी तुडवलं, त्याचा दात पडला. मी सोडवायला गेलो. हातात पाहुण्यांचा पुष्पगुच्छ होता, तोच त्या दोघांतल्या खजिनदारांच्या तोंडावर हाणला. त्यांनी मला कठड्यावर आपटलं. माझी बरगडी अजून दुखते.

पाहुणे माईक धरून उभेच होते. काकू उठून त्यांना म्हणाल्या, "तुझ्या चुलीक आधी ऊन दाखव, मगे माका शिकव."

भात कच्चाच होता. काकू आमसुलं निवडायला बसल्या. अर्धवट वाळलेली आमसुलं लालच असतात. रक्त कुठे लागलंय ते कळेना. शेवटी त्यांनी सगळीच टाकली.