धागा कुठून काढायचा

भैयाजींनी कोट दारातल्या उजेडात धरला आणि रत्नाला हाक मारली.

"ये क्या है? छेद भर गया, पर धब्बा दिख रहा है. पाँच बजे साहब लेने आएँगे."

राखाडी, लोकरी, जुना कोट. रांझीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेल्या एका काकांचा. मुलीच्या लग्नात त्यांना तोच घालायचा होता. छातीवर ठिणगी उडून हरभऱ्याएवढं भोक पडलं होतं. रत्नानं ते बुजवलं, पण तिथं गडद ठिपका दिसत होता.

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, राइट टाउनमधल्या या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात आम्ही दोघी रफू करतो. रफू म्हणजे ठिगळ नाही. त्याच कपड्याच्या आतल्या भागातून धागे काढायचे आणि भोकाच्या जागी सुईनं नवं कापड विणायचं.

भैयाजी, म्हणजे मालक, रोज म्हणत, "रत्ना, सुमनदीदी का काम देखो. ढूँढना पड़ता है." चौथीत शाळा सुटल्यापासून माझं नाव कुणी दुसऱ्याच्या वर घेतलं नव्हतं. मला ते फार आवडायचं. रत्ना जवळ आली की मी हातातलं काम मांडीवर पालथं करायची.

खरं म्हणजे तिचा हात ठीकच होता. चूक धाग्यात होती. ती शिलाईच्या आतून धागा काढायची. तिथं ऊन लागत नाही, रंग नवाच राहतो. मी कोटाच्या पाठीला खाली जी उघडी चीर असते, तिच्या आतल्या पदरातून काढते. तो पदर उन्हानं थोडा विटलेला असतो, म्हणून रंग जुळतो. एवढंच. पण दोन वर्षांत मी तिला हे सांगितलं नव्हतं.

"कल से मत आना," भैयाजी म्हणाले.

रत्ना सुया डबीत भरू लागली. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच.

मी गिऱ्हाइकाशीसुद्धा बोलायला लाजते. पण उठले.

"भैयाजी, हाथ सही है. धागा गलत जगह का है. मुझे मालूम था."

"तो बताया क्यों नहीं?"

मी कोट त्यांच्या हातातून घेतला.

रत्नानं सुयांची डबी खाली ठेवली. "काहून नाही सांगितलं ताई? मी तर दोनदा डोळे तपासून आले!"

मी तिला चिरेतला पदर दाखवला. तिनं जुने धागे उसवले आणि नव्यानं सुरुवात केली. तिचं काम मी पहिल्यांदाच जवळून पाहत होते. कोटाच्या विणीत तिरप्या रेघा होत्या. सुई दोन धाग्यांवरून जाई, दोन धाग्यांखालून, आणि दर ओळीला एक धागा पुढे सरके. मी अजूनही ओठ हलवत मोजते. ती मोजतच नव्हती. एका काठावरून निघालेली रेघ दुसऱ्या काठाच्या रेघेला बरोबर जाऊन मिळत होती. दोन तास माझं काम मांडीवर पडून राहिलं. तिनं ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली आणि फडकं उचललं. भोक नव्हतंच.

पाच वाजता काका आले. चष्मा लावून बराच वेळ शोधत राहिले.

"अरे, था किधर?"

रत्ना बोटानं चाचपत म्हणाली, "रुकिए अंकल, मलाही नाही सापडून राहिलं."

तिची नोकरी राहिली. भैयाजी आता मला म्हणतात, "दीदी, रत्ना का काम देखो." सांगितल्यानं माझा हात बिघडला नाही, फक्त पहिला नंबर गेला. तो तिला धागा ठाऊक नव्हता तोवरच माझा होता.