अर्धा तास झाकून ठेवावे

आमच्या मुलाने चांगली नोकरी सोडली ती टोमॅटोच्या चटणीसाठी, हे वाक्य गेल्या चार महिन्यांत मी कुणापुढेही पुरं करू शकलेलो नाही. निम्म्यातच माझा आवाज चढतो आणि बायको पाण्याचा पेला पुढे करते. मुलगा शांतपणे दुरुस्ती करतो, "चटणी नाही बाबा, साल्सा." त्या दुरुस्तीने मी आणखी पेटतो.

धंदा असा, की साल्साचा कोरडा मसाला पुडीत भरून विकायचा. वाळवलेल्या कांद्याचे तुकडे, लसणाची पूड, जिरं, ओरेगॅनो, भरड मिरची, मीठ. घेणाऱ्याने टोमॅटो बारीक चिरायचे, दोन चमचे मसाला घालायचा, लिंबू पिळायचं, झालं. यासाठी इंजिनिअरिंगची चार वर्षं! बाहेरच्या खोलीत माझी आरामखुर्ची होती, तिथे आता पुड्यांची तोंडं बंद करायचं यंत्र बसलंय. मी पेपर वाचतो तो जेवणाच्या टेबलावर, शिंकत.

त्या शनिवारी बंगळुरातल्या आमच्या बसवनगुडीतल्याच एका जुन्या किराणा दुकानाचे मालक पाच वाजता घरी यायचे होते. पुडी दुकानात ठेवायची की नाही, ते चव बघून सांगणार होते. आधी तीन दुकानांनी नकार दिला होता. हेही नाही म्हणाले तर गुमान नोकरी शोधेन, असं मुलाने आईला सांगून टाकलं होतं. मला नाही. मला ते भिंतीआडून ऐकावं लागलं, त्याचा राग वेगळा.

मालकांची शंका एकच होती. आमचं गिऱ्हाईक म्हणजे घरच्या बायका आणि रिटायर्ड माणसं, त्यांना हे जमणार का? त्यावर आमच्या चिरंजीवांनी डोकं लढवलं. साल्सा माझ्या हातून करून घ्यायचा. स्वयंपाकघरात माझी मजल चहापर्यंत. मला जमलं तर बंगळुरात कुणालाही जमेल, हे त्याने माझ्या तोंडावर सांगितलं. "पुडीवर लिहिलंय तेवढंच करा बाबा. मी घरात थांबत नाही, नाहीतर मी शिकवलं असं होईल," म्हणाला आणि चिप्स आणायला गेला.

इथे माझ्याविषयी सांगायला हवं. तीस वर्षं मी एका सरकारी प्रयोगशाळेत यंत्रांच्या सूचनापुस्तिका लिहिल्या. पहिल्याच पानावर लाल अक्षरांत: संपूर्ण वाचल्याशिवाय बटण दाबू नये. न वाचता बटण दाबणाऱ्या पोरांना मी असं झापलंय, की त्यांतले दोघंतिघं अजून मला पाहिलं की रस्ता ओलांडून पलीकडे जातात. तर असा मी. पुडी उलटी केली, पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि म्हटलं, कळलं. कोशिंबीर आहे.

टोमॅटो चिरले. मसाला घातला, लिंबू पिळलं, ढवळलं, चाखलं. टोमॅटो लागला, लिंबू लागलं आणि दाताखाली कागदाच्या कपट्यांसारखं काहीतरी आलं. बाकी शून्य. पुडीवर मोठ्या अक्षरांत 'झणझणीत' छापलंय आणि आत हे! मी भडकलो. खोटं कशाला सांगू, त्या भडकण्यात थोडा आनंदही होता. चार महिने मी म्हणत होतो तेच खरं निघालं होतं.

पण माझ्या हातचं पचपचीत कुणी खावं, हेही मला सोसेना. बायकोच्या माहेरून, बेळगावकडून, संकेश्वरी मिरचीचं तिखट येतं. ती ते चिमटीने घालते. मी चमच्याने घातलं. एक चमचा, मग चाखून आणखी एक. उरलेली पुडीही वर रिकामी केली. हात चालूच होता म्हणून फोडणीची पळी तापत ठेवली, तेवढ्यात बायको दारात आली.

"अहो, फोडणी लिहिलीय का त्यावर?"

मी म्हटलं, लिहिणाऱ्याला अक्कल असती तर लिहिली असती. पळी मात्र उतरवली.

पाचला दुकानदार आले. साठीचे, पांढरा शर्ट, सगळं बसवनगुडी त्यांना अण्णा म्हणतं. त्यांनी चिप्सवर साल्सा घेतला, तोंडात टाकला आणि चावायचे थांबले. परक्याच्या घरी तोंडातलं थुंकता येत नाही, म्हणून गिळला. मग पाण्याचा अख्खा तांब्या संपवून छताकडे बघत म्हणाले, "स्वल्प जास्ती आयितु." जरा जास्त झालं, इतपत कन्नड मलाही कळतं.

आपलं गिऱ्हाईक वयस्कर आहे, पुड्या परत आणून तोंडावर मारतील, असं त्यांनी मोडक्या हिंदीत समजावलं. मुलाने चाखून पाहिलं. त्याचे कान लाल झाले. पुडी हातात घेऊन तो म्हणाला, "मिरचीचं प्रमाण चुकलंय. माझी चूक."

आता मला फक्त गप्प बसायचं होतं. चौथा नकार आला असता, सोमवारी पोरगा नोकरीचे अर्ज करायला बसला असता, खुर्ची जागेवर आली असती. मी लगेच बोललो असं लिहायला मला आवडलं असतं. मी बोललो नाही. मी चिप्सचा एक तुकडा उचलला, परत ठेवला, पंख्याकडे पाहिलं. अण्णा उठायला लागले. मुलगा पुन्हा म्हणाला, माझीच चूक, सॉरी. आणि माझं डोकं फिरलं. न केलेल्या चुकीवर सही करणारा माणूस मला कधीच सहन झालेला नाही.

"मसाल्यात काही चूक नाही," मी ओरडलोच. "मी त्यात संकेश्वरी तिखट घातलंय. दोन चमचे. आणि पुडी अख्खी."

आतून बायको म्हणाली, "चमचे?"

अण्णा हसले नाहीत. खाली बसले, चष्मा लावला, पुडीवरची चौथी ओळ बोट ठेवून वाचली: अर्धा तास झाकून ठेवावे, मसाला भिजल्यावर तिखटपणा उतरतो, आधी चाखू नये. मग मला विचारलं, नोकरीत काय करत होता? मी सांगितलं. न सांगून कुठे जातो?

"सर, तुम्हीच वाचलं नाही," ते म्हणाले, "तर माझं गिऱ्हाईक वाचेल?"

मी पुडी ओढून घेऊन चौथी ओळ पाहिली; ती तिथे होती, याचाच मला जास्त राग आला. मुलगा म्हणाला, अण्णा, अर्धा तास द्या, मी करून दाखवतो. अण्णा म्हणाले, तू नको, यांनाच करू दे.

मग तिघांच्या देखरेखीखाली, माझ्याच घरात, मी टोमॅटो चिरले. मोजून दोन चमचे. लिंबू. वर ताटली. तो अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. दोनदा माझा हात ताटलीकडे गेला, दोन्ही वेळा अण्णा फक्त "सर" म्हणाले, आपण मांजराला म्हणतो तसं. ताटली उघडली तेव्हा कांदा फुलला होता. तिखट आधी जाणवत नव्हतं, मग घशाच्या मागून हळूच वर येत होतं. स्तुती मी करणार नाही. अण्णांनी दुसऱ्यांदा घेतला, "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणाले आणि दोन डझन पुड्या मागितल्या. चौथी ओळ सगळ्यात वर, मोठी आणि कन्नडमध्येही, या अटीवर.

ते गेल्यावर मुलगा वाट्या विसळत होता. पाठ माझ्याकडेच होती.

"पुढच्या आठवड्यात येलहंक्यातल्या एका दुकानात जायचंय. तुम्ही घरीच थांबायचं, बाबा. आणि आज तुम्ही ते मुद्दाम केलंत की नाही, हे मला सांगू नका."

मुद्दाम केलं नव्हतं. गप्प बसलो होतो ते मात्र मुद्दाम, आणि ते त्याने पाहिलं होतं. मग बायकोवर ओरडलो, की तिखटाची बरणी माणसाच्या हाताला लागेल अशी ठेवतेसच कशाला.